मदत हवी आहे: हर्णै बंदरावरचा हा कुरव (सीगल) कोणता?

मंडळी, कुरव ओळखता येणाऱ्यांनी जरा फोटो बघा.

जानेवारीत संध्याकाळच्या माशांच्या लिलावाला हर्णै बंदरावर होतो. होड्या लागल्या की टोपल्यांवर कुरवांची झुंबड उडते. त्यातले बहुतेक तपकिरी डोक्याचे, ते कळतात: पंखाची टोकं काळी, त्यात पांढरे ठिपके, डोळा फिकट. (थंडीत डोकं पांढरंच असतं, कानाजवळ तेवढा काळपट डाग. नुसत्या नावावर गेलं की फसलंच.)

घोळ आहे तो फोटो २ मधल्या पक्ष्याचा. ओल्या वाळूत बांगड्याचं आतडं ओढत बसला होता. चोच नारिंगी, टोक काळं. कानाचा डाग ठळक. पंखावर तपकिरी पिसं, शेपटीला काळी पट्टी, म्हणजे पहिल्याच हिवाळ्यातला. पण काळ्या डोक्याचा की तपकिरी? डोळा गडद आहे, पण या वयात दोघांचाही गडदच. पांढरे ठिपके तपकिरीच्या पिल्लालाही नसतात. उडतानाचा एकच फोटो आहे (३), तोही हललेला. त्यात पंखाच्या पुढच्या कडेला पांढरं दिसतंय. त्यावर भरवसा ठेवू का?

प्रतिसाद १
ठेवा, फक्त ते पांढरं कुठवर जातंय ते बघा. तपकिरीच्या पिल्लात पांढरा भाग अलीकडेच थांबतो, पुढे टोकापर्यंत सलग काळं. काळ्या डोक्याच्यात पांढरी पाचर जवळजवळ टोकाला भिडते, काळं नुसतं कडेकडेने. आकारावर जाऊ नका. तपकिरी साधारण ४२ सेंमी, काळ्या डोक्याचा ३८. मान ताणली की फरक संपला. चोच मात्र तपकिरीची जाड असते, तिचा जवळून फोटो टाका. बारीक चोचीचा कुरव ही तिसरी जात म्हणाल तर त्याचा कानाचा डाग अगदी पुसट असतो, तो बाद.

धागाकर्ता
चोच कापून मोठी करून टाकली आहे. शेजारच्या तपकिरीपेक्षा चांगलीच बारीक दिसते. आणि हो, पांढरं पार टोकाजवळ गेलंय.

प्रतिसाद २
मग काळ्या डोक्याचाच, पहिला हिवाळा. ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) नोंदवताना तो हललेला फोटो आधी जोडा. देखणा नसला तरी पंख त्यातच दिसतोय.