मदत हवी आहे: परग्रहवासीयांना संदेश पाठवण्यात खरा धोका किती?

नमस्कार मंडळी, खगोलशास्त्रातल्या जाणकारांकडून एक गुंता सोडवून हवा आहे.

१९७४ साली पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवरून एम१३ या तारकागुच्छाकडे १,६७९ बिटांचा संदेश पाठवला गेला. तो पोहोचायलाच सुमारे २५ हजार वर्षं लागणार, त्यामुळे त्याची धास्ती मला तरी वाटत नाही. पण २०१७ मध्ये नॉर्वेतून ल्युटेनच्या ताऱ्याकडे संदेश गेलेत, आणि तो तारा जेमतेम १२ प्रकाशवर्षांवर आहे. तिथे कुणी ऐकणारं असलंच, तर उत्तर आपल्या हयातीत येऊ शकतं!

स्टीफन हॉकिंग म्हणायचे, स्वतःहून हाक मारू नका. उलट बाजूचे म्हणतात, आपलं टीव्ही-रेडिओचं प्रसारण कधीच बाहेर पडलंय, आता लपून काय उपयोग? हे मला पटत नाही. ते प्रसारण चहूकडे पसरून क्षीण होत जातं. असे संदेश ज्याने पाठवतात तो रडारचा झोत एकाच दिशेने जातो, म्हणून खूप लांबवर टिकतो. मग दोन्हींचा धोका सारखा कसा?

कुणी आकडेमोड करून सांगेल का, आपल्याइतक्याच क्षमतेच्या दुर्बिणीला आपलं साधं टीव्ही प्रसारण किती प्रकाशवर्षांपर्यंत पकडता येईल? आणि संदेश पाठवण्याआधी कुणाची परवानगी घेणं बंधनकारक आहे का?