डोक्याला मार लागलेल्या भावाला हळदीच्या कॅप्सूल, ब्राह्मी, शंखपुष्पी द्यावी का?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी तावडे हॉटेलजवळ धाकट्या भावाची गाडी घसरली, हेल्मेट नव्हतं, मेंदूत थोडा रक्तस्राव झालता. ऑपरेशन लागलं नाही, पण दवाखान्यात एकदा फिट आली म्हणून फेनिटोइन चालू आहे. आता घरी आणलाय, पण नावं विसरतोय, उजेड सोसत नाही. बघायला येणारा प्रत्येकजण काहीतरी घेऊन येतोय. आत्यानं ब्राह्मीच्या गोळ्या दिल्या, मेव्हण्यानं कर्क्युमिनच्या (हळदीतला मुख्य घटक) कॅप्सूल मागवल्या, डबीवर मिरीचा अर्क घातलाय असं लिहिलंय, आणि आईनं शंखपुष्पीचं सिरप आणून देव्हाऱ्याजवळ ठेवलंय. नेटवर वाचलं की कर्क्युमिन मेंदूला वाचवतं. खरं काय? नुसतं बसून बघवत नाही हो.

औषधशाळा:
दादा, मी फार्माकॉलॉजी शिकवतो. आधी एक सांगतो, फेनिटोइन चालू असताना यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मार बसला त्या क्षणी झालेलं नुकसान परत फिरत नाही, पण त्यानंतर तासन्‌तास, दिवसन्‌दिवस सूज, ग्लुटामेट या मेंदूतल्या रसायनाचा पूर, पेशींची जळजळ चालू राहते, आणि कर्क्युमिनसारख्यांचा उपयोग झालाच तर इथंच होईल म्हणून एवढं संशोधन चाललंय. उंदरांत निकाल चांगले आहेत. माणसांत अजून तसं सिद्ध नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून तर मिरी घालतात, 1998 साली बंगळूरच्या अभ्यासात मिरीतल्या पायपेरीनमुळं ते सुमारे वीस पट वाढलं होतं. पण तेच पायपेरीन फेनिटोइनचीही पातळी वाढवू शकतं, मग तोल जाणं, डोळे फिरणं, आणि घरच्यांना वाटतं की माराचाच परिणाम आहे. शंखपुष्पीचं नेमकं उलटं, 1992 साली मुंबईच्या डॉक्टरांनी छापलंय की त्या सिरपनं फेनिटोइन रक्तात कमी झालं आणि थांबलेल्या फिट परत आल्या. शिवाय कर्क्युमिन जास्त प्रमाणात रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतं, तेव्हा मेंदूत रक्तस्राव झालेल्याला तर नकोच.

हळदवाला सांगली:
आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या हळदीत आहे, रोज हळदीचं दूध पितो, काही झालं नाही. एवढं घाबरवू नका की लोकांना.

औषधशाळा:
भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद वेगळी आणि एका कॅप्सूलमधलं पाचशे मिलीग्रॅम कर्क्युमिन वेगळं. दूध खुशाल द्या. आणि उंदरांवरून थेट माणसावर उडी मारू नये, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनही प्राण्यांत मेंदू वाचवत होतं, 2014 ला दोन मोठ्या चाचण्यांत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना फायदा दिसला नाही. स्टिरॉइडनं तर 2004 च्या चाचणीत, दहा हजारांवर रुग्णांत, मृत्यू वाढलेले दिसले.

उचगावची ताई:
आमच्या ह्यांना असाच मार होता. काय कामाला आलं सांगू का, झोप, पडदे ओढलेली खोली, मोबाइल बंद, आणि उशाला वही. कोण आलं, काय जेवलं, मीच लिहायची आणि संध्याकाळी त्यांच्याकडनं वाचून घ्यायची. पहिले दोन महिने स्वतःच्या मेहुण्याचं नाव वहीत बघून सांगायचे, नंतर वही न बघता यायला लागलं. आणि पाहुण्यांना दारातनंच परत पाठवा, वाईट वाटलं तर वाटू दे. सारखी उलटी, झोपेतनं जागं करताना त्रास, डोकं वाढत दुखणं, असलं काही दिसलं तर रात्र न बघता दवाखाना गाठा.

राजारामपुरीकर:
डॉक्टरांना तिन्ही बाटल्यांचे फोटो पाठवले. सगळं बंद करा म्हणाले, आणि उद्या रक्तातली फेनिटोइनची पातळी तपासायला बोलावलंय. सिरप तीन दिवस दिलं होतं, आईला अजून सांगितलं नाही, तिला लई लागेल. वही आज आणली.