सिंथेटिक ट्रॅक आधी की हॉलची किल्ली?

शेवटचीलेन (धागाकर्ता)

आमच्या विद्यापीठाने क्रीडा संकुलाचं नूतनीकरण काढलं आहे. आराखडा फलकावर लागलाय, हरकती-सूचनांना महिनाभर मुदत आहे. ठळक गोष्टी तीन: मातीच्या जागी आठ लेनचा ४०० मीटरचा सिंथेटिक (वर रबराचा थर असलेला) ट्रॅक, त्याच्या मधल्या मैदानात फुटबॉलसाठी कृत्रिम गवत, आणि एका बाजूला छतवाली प्रेक्षक गॅलरी. चित्र झकास आहे. चित्रातली माणसंसुद्धा सगळी सडपातळ आहेत.

ट्रॅक कुणाला नको असतो? पण तो पहिल्या नंबरावर का, हे मला कुणी समजावून सांगा. आज काय आहे ते आधी वाचा. बॅडमिंटनचा हॉल आहे, चार कोर्टांचा. दोन कोर्टांवर परीक्षेची बाकं रचून ठेवलेली. किल्ली शिपायाकडे, त्याची ड्यूटी पाचला संपते आणि आमचं शेवटचं लेक्चर सुटतं पावणेपाचला. उरली पंधरा मिनिटं, त्यातच बूट बदलायचे. तीन वर्षांत मी त्या हॉलमध्ये सहा-सात वेळा खेळलो असेन, त्यातलं एकदा खिडकीतून उतरून. मैदानावर दिव्यांचे चार खांब आहेत, पेटतो एक. मुलींच्या चेंजिंग रूममध्ये फक्कीची पोती आहेत.

आहे तेच वापरता येत नाही आणि आपण नवीन मागतोय. आणि हो, रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी पहिल्यांदा मैल चार मिनिटांच्या आत पळून दाखवला (३:५९.४) तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इफली रोडच्या मैदानावर, कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर. त्याचं सिंथेटिकवाचून अडलं नाही.

नडगीदुखते

अरे, बॅनिस्टर तुझ्यावरच उलटतोय. हाच गडी विद्यार्थी असताना तिथल्या अॅथलेटिक्स क्लबचा अध्यक्ष झाला आणि त्याने पिच्छा पुरवला तो ट्रॅक बदलण्याचा. जुना ट्रॅक खडबडीत, तीन फेऱ्यांचा मैल, वर पळायचं घड्याळाच्या दिशेने. तो जाऊन सहा लेनचा, चार फेऱ्यांच्या मैलाचा ट्रॅक आला आणि विक्रम झाला तो त्यावर. म्हणजे नूतनीकरणावरच की. शिवाय शर्यतीच्या दिवशी सकाळी त्याने स्पाइक्सना, म्हणजे बुटांच्या खिळ्यांना, धार लावून वर ग्राफाइट चोळलं होतं, राख चिकटून बूट जड होऊ नयेत म्हणून. राखेचं कौतुक असलेला माणूस असले उद्योग करेल का?

१९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बॉब हेज १०० मीटरची फायनल पहिल्या लेनमधून पळाला, ती लेन चालण्याच्या शर्यतीने उकरून ठेवलेली. तरी जिंकला, कारण तो बॉब हेज होता. चार वर्षांनी मेक्सिकोत सिंथेटिक आला, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये माती-राख दिसली नाही.

आता माझं. मी ४०० पळतो, त्याच मैदानावर. पाऊस झाला की दोनशेच्या वळणावर तळं, ऊन पडलं की तिथेच सिमेंट. फक्कीच्या रेघा दोन दिवसांत जातात, मग लेन अंदाजाने. मातीवर १२ मिमीचे खिळे लावून सराव करायचा आणि स्पर्धेला गेलं की सिंथेटिकवर ९ मिमीच्या वर चालत नाहीत. जमीन वेगळी, उसळी वेगळी. पहिल्या वळणावरच पाय विचारतो, हे काय आणलंस? सिंथेटिकचा पृष्ठभाग पावलाच्या आदळण्यातला ३५ ते ५० टक्के जोर शोषतो, जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या प्रमाणपत्राची ती अटच आहे. माझी नडगी गेली दोन वर्षं दुखते. तुझी किल्ली कुणीही एका सहीने देऊ शकतो. ट्रॅकचा योग पंधरा-वीस वर्षांत एकदा येतो, तो घालवायचा नाही.

दुसरामजला

दोघेही गृहीत धरताय की खर्च खेळांवरच व्हायला हवा. विद्यापीठाचं पहिलं काम कोणतं? आमच्या ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर छत गळतं, नियतकालिकांवर प्लॅस्टिक पसरून ठेवलंय. प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकामागे पाच जण उभे. आणि आठ लेनवर एका वेळी पळणार आठ जण. पदकं आणणारे मूठभर असतात, त्यांना बाहेरच्या अकादमीत पाठवा, स्वस्त पडेल.

नडगीदुखते

एका वेळी आठच जण पळतात, हे ट्रॅक फक्त टीव्हीवर पाहिलेल्यालाच सुचेल. एकदा सकाळी सहाला येऊन बघा. पहिल्या लेनमध्ये आम्ही, बाहेरच्या लेनमध्ये चालणारे प्राध्यापक, आणि त्यांच्यामध्ये कानात गाणी घालून उलट्या दिशेने येणारा एक जण. तो सगळीकडे असतो.

पिवळीशिट्टी

दुसरामजला, गळक्या छताबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'मूठभर' या शब्दाला हरकत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, आणि त्या पदकवाल्यांसाठी लिहिलेल्या नाहीत. दिवसभर बाकावर बसणाऱ्या पोरापोरींनी तो करायचा कुठे?

मी व्हॉलीबॉल खेळले, आता पंचगिरी करते, बऱ्याच विद्यापीठांची मैदानं पाहिली आहेत. धागाकर्त्याने फक्कीच्या पोत्यांचं एका ओळीत उरकलं, मी तिथे जरा थांबते. चेंजिंग रूम नाही म्हणजे मुलगी घरूनच ट्रॅकसूट घालून येते, घामाच्याच कपड्यांत लेक्चरला बसते, आणि दुसऱ्या सत्रात येणं बंद करते. मग क्रीडा विभागाचे लोक म्हणतात, मुलींचा प्रतिसादच नाही हो. एका ठिकाणी आमचा संघ पंचांच्या खोलीत पाळीपाळीने कपडे बदलत होता, दाराला आतून कडी नाही म्हणून मी बाहेर पाठ लावून उभी. सामना होता आंतरविद्यापीठ पातळीचा. मैदान सुरेख होतं, नवं कोरं.

अमेरिकेत १९७२ला शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला. तिथल्या विद्यापीठांना मुलामुलींचा हिशोब फक्त संघांच्या संख्येवर देऊन सुटता येत नाही. सरावाच्या वेळा कुणाला कोणत्या मिळतात, लॉकर रूम कशा आहेत, हेही त्याच्या नियमांत तपासलं जातं. या आराखड्यात चेंजिंग रूम किती आणि कुठे?

शेवटचीलेन

आत्ता नीट पाहिलं. गॅलरीखाली 'बहुउद्देशीय कक्ष' असं लिहिलंय.

पिवळीशिट्टी

म्हणजे बाकं.

मुरूमखडी

मैदानांच्या कामावर होतो बरीच वर्षं, म्हणून थोडं लांबवतो. सगळे जण लाल रंगाबद्दल बोलताय. तो वरचा थर असतो जेमतेम १२-१३ मिलिमीटरचा. खरं काम त्याच्या खाली: दाबलेला मुरूम, खडी, त्यावर डांबराचे थर. तिथे कुचराई झाली की वरून कितीही महागडं रबर टाका, दोन पावसाळ्यांत फुगे येतात. फुगा म्हणजे खाली अडकलेली ओल उन्हाने वाफ होऊन वर दाबते. कुणीतरी त्याला टाचणी लावतं, मग पाणी आत जायला रीतसर दार होतं.

उतारही मुंगीच्या पावलाचा. आडवा जास्तीत जास्त शंभरात एक, तोही आतल्या बाजूला, आणि पळण्याच्या दिशेने हजारात एक. पाणी आतल्या कडेच्या गटारीत जाणार. ही गटार वर्षातून दोनदा हाताने साफ करायला लागते. आराखड्यात गटारीची रेघ असते, साफ करणारा माणूस नसतो. मी केलेल्या एका ट्रॅकवर तिसऱ्या वर्षी पदवीदान समारंभाचा मंडप घातला. खुंट्या ठोकल्या पाचव्या-सहाव्या लेनमध्ये, अगदी एका ओळीत, दोरी धरून. पाहुण्यांची गाडी थेट फिनिश लाइनवर. मला फोन आला की ट्रॅक 'निकृष्ट' निघाला.

माझं मत: ट्रॅक करा. पण आधी देखभालीचा माणूस आणि त्याचा पगार कागदावर दाखवा. वरचा थर दहा-बारा वर्षांनी पुन्हा घालावा लागतो, त्याची तरतूद आजच बाजूला काढा. ती नसेल तर चांगला दाबलेला मातीचा ट्रॅक बरा. त्यावर रोज पाणी मारून रोलर फिरला, तर तो नडगीदुखतेंना वाटतो तितका वाईट नसतो.

नडगीदुखते

रोज रोलर फिरवणारा माणूस मिळाला तर ना. मातीच्या ट्रॅकला तो रोज लागतो, सिंथेटिकच्या गटारीला वर्षातून दोनदा. माणूस नाही हीच अडचण असेल तर उलट सिंथेटिकच परवडेल.

मुरूमखडी

हे मात्र खरं आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

हातोडा

वाचतोय आणि वाट बघतोय की कुणीतरी बोलेल. कुणालाच दिसलं नाही? मधल्या मैदानात कृत्रिम गवत!

मी हातोडाफेकवाला. ७.२६ किलोचा लोखंडी गोळा तारेला बांधून फेकतो. तो जिथे पडतो तिथे खड्डा पडतो. गवतात पडला तर माळी शिव्या देतो आणि माती भरतो. कृत्रिम गवतात पडला तर गालिचा फाटतो, म्हणून तिथे हातोडा आणि भाला टाकूच देत नाहीत. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं. फुटबॉलवाले खूश, उद्घाटनाचा सामना २-२. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाळीपाशी गेलो तर गेटवर पाटी: 'फेकीच्या क्रीडाप्रकारांना मनाई'. तेव्हापासून आम्ही विद्यापीठामागच्या पडीक जागेत फेकतो. जाळी नाही. एक जण फेकतो, बाकीचे हातोडा जिथे पडायला हवा त्या ३४.९२ अंशांच्या पट्ट्यापासून लांब भिंतीआड थांबतात आणि ओरडतात. ही आमची सुरक्षाव्यवस्था.

फेकीला चार प्रकार आहेत, त्यातल्या दोघांचा जीव एका हिरव्या गालिच्याने गेला आणि निर्णय घेणाऱ्यांना पत्ताही नव्हता. ट्रॅकच्या आत नैसर्गिक हिरवळच ठेवा, फुटबॉलचं कृत्रिम गवत शेजारी घाला. किंवा फेकीसाठी वेगळं मैदान काढा, पण ते आधी काढा.

मुरूमखडी

हातोडा, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, लाज वाटते. त्यात एक भर. त्या गवतात जे काळं रबराचं दाणं भरतात, ते बुटांतून, मोज्यांतून, पावसाच्या पाण्यातून बाहेर जातं. युरोपीय संघाने २०२३मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले, त्यात खेळाच्या मैदानातलं हे दाणंही आहे. आठ वर्षांची सवलत धरून ऑक्टोबर २०३१पासून तिथे त्याची विक्री बंद. आज ते घालणारे कोणत्याही देशातले असोत, पुढच्या खेपेला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, हे धरून चाला. आणि कडक उन्हात ते गवत साध्या हिरवळीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. दुपारी अनवाणी उभे राहून बघा.

दुसरामजला

मी खेळाच्या विरोधात नाही, हे पिवळीशिट्टींचं वाचून स्पष्ट करतो. १५० मिनिटांचा मुद्दा मान्य. पण मग मला सांगा, त्या १५० मिनिटांसाठी छतवाली गॅलरी कशाला? पाहणाऱ्याचा व्यायाम होत नाही.

नडगीदुखते

गॅलरीवर तुमच्याशी सहमत, लिहून ठेवा तारीख.

अवांतर: अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठाच्या हेवर्ड फील्डवर असाच वाद झाला होता. १९२५ची लाकडी पूर्व गॅलरी वाचवा म्हणून जुने खेळाडू आणि चाहते भांडले. मोठे देणगीदार नाइकीचे सहसंस्थापक फिल नाइट, जे विद्यार्थी असताना त्याच ट्रॅकवर पळलेले. २०१८मध्ये गॅलरी पाडली, २०२०मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं, आणि २०२२ची जागतिक स्पर्धा तिथे झाली. आपल्या नीरज चोप्राचं ८८.१३ मीटरचं रौप्य तिथलंच. हातोडा, तिथे मधे खरी हिरवळ होती म्हणून भाला रुतला.

पिवळीशिट्टी

पण ज्या विद्यापीठाला जागतिक स्पर्धा भरवायची नाही, त्याने ऑरेगनकडे बघून आराखडा काढू नये. वर्षाला दोन आंतरमहाविद्यालयीन मीट होणार. बघायला येणार आई-वडील आणि बदली खेळाडू. त्यांना चार पायऱ्या पुरतात.

शेवटचीलेन

सगळं वाचून माझा क्रम थोडा हलला आहे. नडगी, ट्रॅकचा योग पुन्हा लवकर येणार नाही हे पटलं. सूचना अशी लिहितोय:

गॅलरी रद्द. त्या पैशात दिवे आणि मुलामुलींच्या स्वतंत्र चेंजिंग रूम, आतून कडीसकट. ट्रॅक सिंथेटिक, पण मैदानाचा एक माणूस कायमचा नेमल्याचं पत्र आधी, निविदा नंतर. ट्रॅकवर मंडप आणि वाहनांना बंदी. मधे साधी हिरवळ. हॉल रात्री नऊपर्यंत उघडा, बाकं दुसरीकडे. ग्रंथालयाचं छत यात बसत नाही, क्षमस्व, पण त्या अर्जावरही सही करतो.

दुसरामजला

दोन अर्ज आहेत. छत आणि सूक्ष्मदर्शक.

नडगीदुखते

'पत्र आधी, निविदा नंतर' याला माझा विरोध नोंदव. आपल्याकडे पत्र यायला चार वर्षं लागतात, तोवर आपण दोघं पास होऊन जाऊ. निविदेतच ठेकेदारावर पाच वर्षांची देखभाल घाला, माणूसही त्याचाच. बाकी सगळ्याला +१.

मुरूमखडी

ठेकेदाराचा माणूस पहिलं वर्षभर दिसतो. अनुभवाचे बोल, मी ठेकेदाराचाच माणूस होतो.

हातोडा

सूचना द्यायच्या कुठे? बाहेरच्यांनी दिली तर चालते का? फेकीचं मी लिहून देतो, मोजमापांसकट.

शेवटचीलेन

चालते. क्रीडा विभागात, लेखी, दुपारी चारच्या आत. मी आज साडेतीनला गेलो होतो. कुलूप होतं.

नडगीदुखते

खिडकी बघितलीस का?