सोसायटीच्या नोटिसा ईमेलने: काही परत येतात, काही पोचतच नाहीत

मुलुंडकर:
आमची ११० सदनिकांची सोसायटी आहे. वार्षिक सभेची नोटीस आणि ताळेबंद जीमेलवरून सगळ्यांना एकदम पाठवला. स्कॅन केलेली पीडीएफ २० एमबीची. सात-आठ मेल परत आले, काही सभासद म्हणतात आलाच नाही. वर एकाने ‘रिप्लाय ऑल’ केलं आणि पार्किंगचं भांडण सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पेटलं. ‘सेंट’मध्ये तर मेल दिसतोय. चुकतंय कुठे?

सर्व्हररूम:
‘सेंट’मध्ये दिसतो म्हणजे तुमच्या सर्व्हरने, म्हणजे मेल पुढे धाडणाऱ्या जीमेलच्या संगणकाने, मेल ताब्यात घेतला, इतकंच. पुढे हा सर्व्हर पत्त्यातलं @ नंतरचं नाव, म्हणजे डोमेन, बघतो, डीएनएसमध्ये (इंटरनेटच्या नावांच्या यादीत) त्याची एमएक्स नोंद, म्हणजे त्या डोमेनचे मेल कोणता सर्व्हर घेतो ते, शोधतो आणि तिथे नोंदवलेल्या सर्व्हरला एसएमटीपीने (मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीने) मेल देऊ करतो. समोरचा नाही म्हणाला की मेल परत.

परत आलेले मेल पुसू नका, ते का परत आले हे त्यातच लिहिलेलं असतं. इंग्रजी मजकूर सोडा, आकडा बघा. ५५० आणि ५.१.१ असेल तर असं खातंच नाही, म्हणजे पत्ता चुकलाय. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय. जीमेलचे फुकटचे १५ जीबी फोटो आणि ड्राइव्ह धरून असतात, त्यामुळे बहुतेकदा फोटोंनीच जागा खाल्लेली असते. ५.३.४ म्हणजे मेल आकाराने जड. आकडा ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती. सर्व्हर स्वतःच काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. घाईने परत पाठवलात तर एकाच माणसाला दोनदा पोचेल.

जडपणाचं म्हणाल तर, जोडलेली फाईल प्रवासासाठी अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. तुमचे २० एमबी वाटेत २७ होतात. जीमेल ते घेईल, पण कंपन्यांच्या सर्व्हरची मर्यादा बरेचदा कमी असते. ताळेबंद रंगीत कशाला हवाय? १५० डीपीआय (दर इंचाला १५० ठिपके), ग्रेस्केलमध्ये, म्हणजे रंगाशिवाय, स्कॅन करा. एक्सेलमध्ये असेल तर स्कॅनही नको, थेट पीडीएफ काढा.

गिरगावकर:
पत्ते हाताने भरलेल्या फॉर्मवरून घेतले असतील तर मूळ तिथेच आहे. इंग्रजी एल (l) आणि आकडा एक (1) सारखे दिसतात, आणि अंडरस्कोर (_) फॉर्मच्या छापील रेषेत बुडून जातो. जीमेलच्या पत्त्यात मात्र अंडरस्कोर चालतच नाही, तिथे तो दिसला तर बहुधा टिंब असेल किंवा नुसता पेनाचा फराटा. जीमेल नावातली टिंबं मोजतच नाही, त्यामुळे ते राहिलं तरी बिघडत नाही, याहू-रेडिफला मोजतात. एकाला बसवून सगळ्या पत्त्यांवर आधी एक ओळीचा मेल टाका.

आता भांडणाबद्दल. ‘टू’मध्ये सोसायटीचाच पत्ता, बाकी सगळे ‘बीसीसी’त. मग कोणी ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी उत्तर फक्त सोसायटीकडेच येतं, शिवाय ११० जणांचे पत्ते चव्हाट्यावर येत नाहीत. ‘सीसी’ने हे होत नाही, त्यात सगळे सगळ्यांना दिसतात. कॉन्टॅक्ट्समध्ये ‘सभासद’ असं लेबल करून ठेवलंत तर ‘बीसीसी’त तेवढंच टाइप करून यादी भरते. साध्या खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंत जातात, तुमचं सहज भागेल.

‘आलाच नाही’वाल्यांना स्पॅम बघायला सांगा, पण लगेच. तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप जातात. सापडला की ‘नॉट स्पॅम’ करायचं आणि सोसायटीचा पत्ता सेव्ह करायचा. विषयात नुसतं ‘महत्त्वाचे’ लिहू नका. सोसायटीचं नाव, सभा आणि तारीख लिहा.

मुलुंडकर:
परत आलेल्यांतले बरेचसे ५.१.१ च निघाले. एक शेवटचं: मेल वाचल्याची पोच मिळते का? आणि हे खातं जुन्या सचिवांच्या मोबाईलवर आहे, पुढच्या महिन्यात कमिटी बदलतेय.

सर्व्हररूम:
वैयक्तिक जीमेलला पोच मागायची सोय नाही. नोटीस फलकावरही लावाच.

खात्याचं आत्ताच उरका, जुने सचिव समोर असतानाच. रिकव्हरीचा मोबाईल आणि पर्यायी ईमेल बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवर होणारी दुसरी पडताळणी) नव्या फोनवर घ्या, पासवर्ड बदला, मग सिक्युरिटीत ‘युअर डिव्हायसेस’मधून जुना फोन साइन आउट करा. शेवटी सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग तपासा. तिथे जुना पत्ता राहिला तर पासवर्ड बदलूनही मेल तिकडे जातच राहतील.