आकार आणि उपयोग : अर्धी सहमती

हातात धरून व्हिडिओ गेम खेळायच्या एकाच यंत्रावर सगळे खेळ चालणार असतील तर ते थोडे मोठे झाले तरी बिघडत नाही, हे मत मला अर्धेच पटते. २०२२ साली आलेल्या, संगणकावरचे खेळ चालवणाऱ्या स्टीम डेक या यंत्राचे वजन ६६९ ग्रॅम होते. साधारण तेवढ्याच वजनाचे भावाचे एक यंत्र घेऊन मी एसटीने कोल्हापूरहून पुण्याला निघालो, तेव्हा कराड येईपर्यंत मनगटे इतकी भरून आली की मांडीवर सॅक आणि सॅकवर यंत्र अशी मांडणी करावी लागली. संगणकावरचे खेळ चालवायचे म्हणजे ताकदीचा प्रोसेसर, त्याची उष्णता बाहेर टाकायला पंखा आणि या दोघांना पोसायला मोठी बॅटरी, असा हा पसारा एकमेकांना ओढत वाढत जातो.

दुसऱ्या टोकाला निन्टेंडो कंपनीचा २००५ चा गेम बॉय मायक्रो आहे. सुमारे ८० ग्रॅमचे ते यंत्र शर्टाच्या खिशात सहज मावे. पण पडदा जेमतेम २ इंचांचा, आणि मूळ गेम बॉयची, खेळ साठवलेली कार्ट्रिजे त्यात चालतच नसत.

मला स्विच लाइटचा, म्हणजे निन्टेंडोच्याच स्विच या यंत्राच्या लहान आवृत्तीचा, तोडगा अधिक प्रामाणिक वाटतो. २०१९ मध्ये निन्टेंडोने मूळ स्विचमधली टीव्हीला जोडण्याची सोय आणि सुटे होणारे कंट्रोलर काढून टाकले, पडदा ६.२ वरून ५.५ इंचांवर आणला आणि वजन २७५ ग्रॅमच्या आसपास ठेवले. रंकाळ्याच्या काठावर अर्धा तास खेळणाऱ्याला टीव्ही लागतोच कुठे? मात्र दोन भावंडांत मिळून एकच यंत्र घ्यायचे असेल, तर सुट्या होणाऱ्या कंट्रोलरसाठी मी मूळ स्विचच सुचवीन.