मदत हवी आहे: बीटा टॉक्सिनने रक्तपेशी थंडीतच का फुटतात?

नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रोला आहे, हिमोलिसिनवर (लाल रक्तपेशी फोडणारी जिवाणूंची विषं) सेमिनार द्यायचाय. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचं अल्फा टॉक्सिन कळलं, 7 रेणू एकत्र येऊन लाल पेशीच्या आवरणाला भोक पाडतात, पाणी आत शिरतं आणि पेशी फुगून फुटते. पण त्याचंच बीटा टॉक्सिन भोक पाडतच नाही ना, ते स्फिंगोमायलिन (पेशीच्या आवरणातला एक मेद) तोडणारं एन्झाइम, आणि मेंढीच्या रक्ताच्या प्लेटवर 37 डिग्रीला कॉलनीभोवती नुसता धुरकट पट्टा दिसतो, तीच प्लेट फ्रिजमध्ये 4 डिग्रीला ठेवली की पट्टा एकदम पारदर्शक, म्हणजे पेशी फुटल्या! मेंढीच्या पेशीत स्फिंगोमायलिन भरपूर असतं हे ठीक, पण थंडीत आवरणाचं नेमकं काय होतं? स्फिंगोमायलिन तुटून तयार झालेलं सिरॅमाइड घट्ट होऊन एकीकडे गोळा होतं म्हणून का? कुणी नीट समजावून सांगाल का प्लीज, सर व्हायव्हात हेच हमखास विचारतात.