रॅम्पवरील ज्येष्ठ सहकाऱ्याशी कसे वागावे? सल्ला हवा

धागाकर्ता: नमस्कार. मी मुंबईत एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत दीड वर्षापासून रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर, काम करतो. आमच्या पाळीत एक ज्येष्ठ सहकारी आहेत. कामाला हात अत्यंत सफाईदार, परंतु विमानाला उशीर झाला की खापर हमखास माझ्या गटावर फुटते. गेल्या महिन्यात बेल्ट लोडर (सामान चढवण्याचा सरकता पट्टा) बंद पडल्यामुळे सामान चढवण्यास उशीर झाला असताना त्यांनी उशिराचा कोड ३३ न देता ३२ दिला, म्हणजे यंत्राचा बिघाड कागदावर माणसांच्या दिरंगाईत बदलला. शिवाय विमानाचा लाल बीकन (लुकलुकणारा इशाऱ्याचा दिवा) बंद होण्याआधीच ते विमानाभोवती ठेवायचे सुरक्षा-शंकू घेऊन पुढे जातात आणि थांबणाऱ्याला ‘पुस्तकी पंडित’ म्हणतात. तक्रार करावी की गप्प बसावे?

रात्रपाळी: आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. बीकनचा प्रश्न स्वभावाचा नाही. बीकन चालू असताना इंजिन फिरत आहे असेच धरायचे असते, आणि ते आयडलवर (सर्वांत कमी वेगावर) असले तरी पुढून माणसाला ओढू शकते; त्यामुळे तेथे वाद न घालता आपण जागेवरच थांबावे, कोणी काहीही म्हणो. नंतर सेफ्टी विभागाकडे स्वेच्छा अहवाल द्यावा आणि त्यात बे (विमान उभे राहण्याची जागा), वेळ व काय घडले एवढेच लिहावे. कोडचा प्रश्न मात्र नोंदीने सुटतो. चोक (चाकांना लावायचे अडसर) लावल्याची वेळ, होल्ड (विमानातला सामानाचा कप्पा) उघडल्याची, लोडर बंद पडल्याची, दुसरा मागवल्याची आणि होल्ड बंद केल्याची, अशा पाच वेळा खिशातल्या वहीत लिहाव्यात आणि यंत्र बंद पडताच ते वॉकीटॉकीवर सांगावे, कारण तेथे बोललेले सगळ्यांनी ऐकलेले असते. (वही पेन्सिलीने लिहावी. जुलैत ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही, हे मी तीन वह्या वाया घालवून शिकलो.)

जुना लोडर: नोंदी ठेवाव्यात, पण पहिले पाऊल ते नसावे. आमच्या उमेदवारीच्या काळात उशीर झाला की मेमो हातात पडे, आणि कोड दुसऱ्यावर ढकलण्याची सवय त्या भीतीतून लागली; ती योग्य नाही, पण तिच्यामागे नेहमी दुष्टपणाच असतो असेही नाही. पंखाखाली, लोडर मंडळींच्या देखत त्यांना जाब विचारलात तर ते कधीच मागे हटणार नाहीत. पाळी संपल्यावर चहा घेताना ‘त्या दिवशी ३२ कसा लागला, मला समजून घ्यायचे आहे’ असे विचारावे. टाळाटाळ झाली, तर वही घेऊन ड्युटी मॅनेजरकडे जावे.

रात्रपाळी: चहाचे मान्य. बीकनचा अहवाल मात्र त्या चहासाठी थांबवू नये.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. रविवारी आमची दुपारची पाळी एकत्र आहे, तेव्हा बोलेन. एक शंका उरते: आमच्या अहवालाच्या अर्जात ‘संबंधित कर्मचारी’ असा रकाना आहे. तो भरावा का?

रात्रपाळी: रिकामा सोडावा. सेफ्टी विभागाला गरज वाटली तर ते विचारतील, तेव्हा खरे ते सांगावे.